पेव

अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या प्याल्यांत नाक घातलं.
दुबईत, एकतिसाव्या मजल्यावर,
काळ्या कोटाला चांदीचा द्राक्षघड टाचून
सांगत राहिले: ह्यात चेरी आहे, जुनं कातडं आहे,
शेवटी शेवटी ब्लॅककरंट.
दहा हजार वेळा तरी म्हणाले असेन.
ब्लॅककरंटचं झाड मी अजून पाहिलेलं नाही.

पाहुणे मान डोलवायचे.
त्यांनीही पाहिलं नसावं.

आता सावळजची शिराझ,
पलूसमध्ये भाड्याच्या दोन टाक्या,
सहाशे चाळीस बाटल्या,
आणि वखारभागातला छापखाना, जिथे जयपाल चौगुले विचारतो,
'पेव' का 'पेंव'? आणि वर फोटो कुणाचा टाकू?
कुणाचाच नको म्हटल्यावर असा बघतो
जसं काही उद्घाटनाला मला पुढारीच मिळाला नाही.

मामा म्हणाला, नाव बदल.
लोक म्हणतील, वाइनचं पेव फुटलं.
पण जागा त्यानेच दिली.
हरिपुरात, नदीच्या अंगाला,
त्याचं शेवटचं धड राहिलेलं पेव.
बाकीची पुराने खाल्ली.

तोंड जेमतेम एका माणसाचं, पोट बैठकीच्या खोलीएवढं,
भिंतींनी तीन पिढ्यांची हळद गिळलेली.
मी दोरीला थर्मामीटर बांधून सोडला,
आठ दिवस पारा हलला नाही. मी खूश.
बाबालालनी कंदील सोडला.
"पारा ऱ्हाऊ द्या, ताई. ज्योत काय म्हनती बघा."
ज्योत अर्ध्या वाटेत मिटली.
"थांबायचं."
आम्ही दुपारभर थांबलो
पेवाने श्वास घेईपर्यंत.

बाबालाल मुजावर, चाळीस वर्षं पेवात उतरलेले.
लग्नात मला हळद वेगळी लावावी लागली नाही,
असं स्वतःच सांगतात, आणि हसायचं आपण.

चौदा महिन्यांनी पहिली बाटली वर काढली.
मामा होता, चौगुले कॅमेऱ्यासकट होता.
मी प्याला फिरवला, तोंडात घोळवला,
आणि जिभेवर आले ते तेच भाड्याचे शब्द:
चेरी. जुनं कातडं.
टाळ्या झाल्या. दोघांच्याच, पण झाल्या.

बाबालाल लांब दगडावर बसलेले.
मी प्याला पुढे केला नाही. त्यांना चालत नाही.
तेच म्हणाले, "बूच द्या हिकडं."
नाकाशी धरलं. पुन्हा धरलं.
"ह्याला ओल लागलीया."

मी हसले.
मग प्याल्यात पुन्हा नाक घातलं.
खाली, अगदी तळाला,
भिजलेलं गोणपाट.
ज्या वासासाठी मी परक्यांच्या बाटल्या
न बोलता, दोन बोटांनी परत पाठवल्या,
तो माझ्या घरातून येत होता
आणि मी त्याला चेरी म्हणत होते.

त्या संध्याकाळी बारा उघडल्या.
ते फक्त बुचं हुंगायचे, बाटलीला हात नाही.
चार डावीकडे गेल्या.
दोनदा मी वाद घातला, दोनदा हरले.
"बुचं सस्तात घेतली व्हय?"
मी उत्तर दिलं नाही. घेतली होती.

तेरावं बूच त्यांनी बराच वेळ धरून ठेवलं.
"हे बरं हाय."
म्हटलं, कसला वास येतो? मला तो शब्द हवा होता,
त्यांच्या चाळीस वर्षांतला एखादा, मागच्या लेबलावर छापायला.
ते विचारात पडले. खरंच पडले.
"बुचाचा," म्हणाले.
"बुचाचा येतोय, म्हंजी बरं हाय."

रात्री चौगुलेचा फोन.
ताई, मागच्या बाजूला चार ओळी मोकळ्या आहेत.
मोकळ्याच ठेव, म्हटलं. फक्त हरिपूर लिही.
आणि बाटल्या सहाशे चाळीसच ना? प्लेट करतोय.
अंगणात कंदील अजून जळत होता,
बाबालाल दुसरी पेटी उघडत होते.
खोड तो आकडा, म्हटलं.
मग किती टाकू?
थांब जरा.