आडनावाची चौकट

सिग्लुफ्योर्दुरच्या बंदर कचेरीतून
सकाळी नऊला पहिला फोन.
सोलरून. वय त्रेसष्ट. तीस वर्षं
कार्डांची लाकडी पेटी तिनं सांभाळली.
आता पेटी कपाटावर,
आणि ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये चारशे बारा माणसं.

"ही आडनावाची चौकट कुणी मागवली?
आपल्याकडे कुणाला असतं आडनाव?"
खरं आहे. आम्ही बापाचं नाव लावतो,
कधी आईचं; ते एका पिढीत संपतं.
प्रोग्रॅम मात्र त्याच नावानं रांग लावतो.
एकोणचाळीस जण, सगळे सिगुर्दुरचे लेक नाही तर लेकी,
एकमेकांना ओळखतही नसतील,
आणि हाल्वार्दुरला शोधावं तर 'ह'मध्ये तो नाहीच.

"पुसू कशी?"
पुसता येत नाही, मी म्हणालो. लपवता येते.
डिझाइनमध्ये जा. चौकटीवर उजवं बटण.
'दिसावी' असं आहे ना, तिथली खूण काढ.
आकुरेरीत बसून मी हे सांगतो,
मधे डोंगर, तीन बोगदे, हिमवादळ.
उंटावरून शेळ्या हाकण्याचा मला पगार मिळतो.

"माउस कुठलं बटण म्हणालास?"
उजवं.
"माझं उजवं की त्याचं?"

अकराला परत.
चौकट गेली, पण जागा तशीच राहिली, म्हणाली,
दात काढल्यावर जीभ जाते तशी नजर जाते तिथे.
मग ओढून आण काहीतरी, मी म्हणालो,
बाजूला यादी आहे, त्यात नसेल तर नवं घडव.
ती थोडा वेळ गप्प. मग टाइप केल्याचा आवाज.
'बोट.'
'फोन कितीदा वाजू द्यायचा.'
'कुणाशी अबोला.'
हे शेवटचं नको, मी म्हणालो.
"धक्क्यावर शेजारी-शेजारी जागा देऊन बघ त्यांना,
मग सांग नको म्हणून."

'प्रकाशित करा' दाबायला ती घाबरली.
"गावभर होईल?"
नाही गं, फक्त तुझ्या फोल्डरपुरतं.
"मग प्रकाशित कसलं," असं पुटपुटली, आणि दाबलं.

दुपारी आवाज चढलेला.
नवा फॉर्म केला, आणि आउस्ब्योर्ग उघडली
तर जुनीच चौकट! तेच आडनाव!
इथेच घोडं अडतं सगळ्यांचं.
नवा फॉर्म फक्त नव्या माणसांना, मी समजावलं,
आधी आलेले आपापल्या जुन्या फॉर्मातच उघडतात.
"म्हणजे माझ्यासारखे," ती म्हणाली.
हसली की नाही कळलं नाही, वारा फार होता त्या बाजूला.

एकेक बदलता येतं. किंवा एकदम,
छोटी युक्ती आहे, पाठवतो.
"एकदम नको. एकेकच करते."

पुढचे चार दिवस फोन नाही.
पाचव्या दिवशी प्रश्न, तोही ईमेलनं, स्वल्पविरामाशिवाय:
थोरलाकुरचा वाढदिवस दर फेब्रुवारीत पडद्यावर येतो
तो जाऊन सहा वर्षं झाली
तारीख ठेवून घंटा बंद करता येते का

येते. घंटेच्या खुणेवर एकदा दाब, मी लिहिलं.
पाठवायच्या आधी दोनदा वाचलं.
तिचं उत्तर: बरं. कळलं कसं करायचं ते.
करणार की नाही, ते लिहिलं नव्हतं.

शुक्रवारी मला तिचा नवा फॉर्म आला,
बघ म्हणून, माझ्याच नावाचा.
पण माझ्या पडद्यावर तो साधाच उघडला,
नेहमीच्या चौकटी, आडनावासकट;
तिचा नमुना तिच्या फोल्डरात, इथे कुठून असणार.
पाठवताना तो तसाच राहत नाही,
हे सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं.

फोन केला. सातव्यांदा वाजल्यावर उचलला.
म्हटलं, माझ्या नावापुढे काय भरलंस, वाचून दाखव.
"बोट: नाही," ती म्हणाली.
"फोन: पहिल्याच घंटेला उचलतो."
आणि तिसरं?
"ते रिकामं आहे. थांब,
कुणीतरी धक्क्याला लागतंय."