दुआर्तेचं नाक

पायडल दाबलं, झाकण उघडलं,
आणि वरच्या मजल्यावरचा दुआर्ते, वय वर्षे नऊ,
दोन पावलं मागे सरला.
काय रे?
काही नाही, ओतिलियाबाई, म्हणाला, तोंडाने श्वास घेत.
आईने चांगलं वळण लावलंय.
खोटं बोलताना तो छताकडे बघतो.

मला कळत नाही.
गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात ताप आला,
गेला, आणि जाताना नाक घेऊन गेला.
म्हणजे नाक आहे, चष्मा त्याच्यावरच टेकतो,
पण तारली काय नि कोथिंबीर काय,
त्याला दोन्ही सारख्याच.

बत्तीस वर्षं मी डबे भरले,
सादो नदीकाठच्या मासळीच्या कारखान्यात.
होड्या आल्या की भोंगा व्हायचा,
रात्रीचे दोन असोत, आम्ही बाया धावत.
बसमध्ये माझ्या शेजारची जागा कायम रिकामी.
लग्नाच्या आदल्या रात्री आईने अर्ध्या लिंबाने
माझी बोटं घासली, एकेक, नखांच्या कोपऱ्यापर्यंत,
तरी अंगठी घालताना आर्मिंदो हसलाच.
आणि आता माझ्याच स्वयंपाकघरात
नाक मुरडायला उसना पोरगा लागावा!

चल, म्हटलं. तू नाक, मी हात.
दर हुंगण्याला एक बिस्किट.

पिशवी खाली नेऊन टाकली.
दुआर्ते वाकला. अजून आहे.
बादलीच्या तळाशी काळ्या चहासारखं पाणी.
पिशवीला भोक, आणि मी आपली
महिनोन् महिने नवी पिशवी चढवत गेलेली.
उकळतं पाणी, व्हिनेगर, तारेची घासणी.
अजून आहे.
कसा आहे ते तरी सांग.
बिस्किट चघळत त्याने विचार केला.
मोज्यासारखा. मेलेल्या मोज्यासारखा.
मग खायचा सोडा. फसफसला, पांढरा फेस कडांवर आला.
आता?
आता मोजा समुद्रात पोहून आलाय.

गुडघे दुखायला लागले तेव्हा सापडलं.
झाकणाच्या बिजागरीत, जुना दात घासायचा ब्रश
जेमतेम शिरेल एवढ्या फटीत,
माकुलाचा तुकडा, वाळून रबर झालेला.
जूनमधल्या जत्रेच्या रात्रीचा.
तळलं होतं आठ जणांपुरतं.
आले तिघं.

बादली गॅलरीत पालथी घातली, टॉवेलांच्या मधे,
ऊन कलेपर्यंत.
तोवर मी कॉफी केली, तिचा चोथा बशीत पसरून वाळवला.
तळाला वर्तमानपत्राची घडी
(हाताला लागलं ते निधनवार्तांचं पान,
त्यात ओळखीचं कुणी नाही, बघून घेतलं),
वर चोथा, वर मूठभर सोडा.
माशाचे काटे यापुढे बर्फाच्या कप्प्यात,
कचऱ्याची गाडी यायच्या सकाळपर्यंत.

दुआर्तेने अख्खं डोकं आत घातलं.
कसलाच नाही! आवाज घुमला.
कसलाच नाही म्हणजे?
म्हणजे... कॉफी. मग कसलाच नाही.
बाहेर आला, केसांना सोडा लागलेला.

सहा बिस्किटं झाली होती. सातवं मी हातात धरून ठेवलं.
कपाटातून आर्मिंदोची लोकरी टोपी काढली,
दोन वर्षं मी तिला तोंड पुसतो तशी
चेहऱ्यावर दाबून बघते. नुसती टोचते.
हिचा?
पोराने डोळे मिटले. छताकडे बघितलं नाही.
डिझेल, म्हणाला. डांबरगोळी.
डोक्याला लावायचं काहीतरी, गोडसर.
मग थांबला, पुन्हा नाक खुपसलं,
आणि जरा घाबरतच:
आणि मासळी. आत, शिवणीत.
हीपण धुवायची?

नको, म्हटलं.
ही राहू दे.
घे, हे तुझं बिस्किट.
आणि उद्या शाळेतून आलास की
पुन्हा एकदा सांगून जा.