फिकट गुलाबी

एप्रिलचा दुसरा आठवडा, दुपारचे दोन.
धंतोलीतल्या एका कॉलेजात, खोली क्रमांक चौदा.
कूलरमधल्या वाळ्याचा वास येतो, हवा येत नाही.
बारावी रसायनशास्त्राचे गठ्ठे कोपऱ्यात
आणि आम्ही नऊ जण
लाल पेनांची टोपणं उघडी टाकून डबे खातोय.

उमरेडचे खोब्रागडे सर सांगतात,
प्रयोगशाळेतल्या ब्युरेटी फुटल्या, नव्या येता येईनात,
तेव्हा सरकारी दवाखान्यातून सलाईनच्या नळ्या आणल्या, धुऊन.
"थेंब मोजायची चकती असतेच ना तिला. काऊन खर्च करा?"
तपासणीला आलेले साहेब दारातूनच म्हणाले,
पेशंट कुठाय?

रहांगडाले रामटेकचे. पहिल्याच वर्षी
वाटाण्याएवढा म्हणता म्हणता
बोराएवढा सोडियम पाण्यात टाकून बसले.
पंख्याच्या पात्यावरचा डाग अजून आहे,
जुने पोट्टे नव्या पोट्ट्यांना तो देवदर्शनासारखा दाखवतात.

मग नसरीन मॅडम, कामठीच्या.
सल्फाइडच्या वासानं अख्खा वर्ग खिडक्यांकडे धावला
आणि एक मुलगी जागेवरच.
"नाल्याकाठी राहतो मॅडम.
हा वास आला की घर आलं."
यावर कोणी काही बोललं नाही.
रहांगडालेंनी लोणच्याची बाटली पुढे सरकवली.

आणि तुमचं, चाफले मॅडम?

माझं म्हणजे विपुल उइके.
ब्युरेटमध्ये परमँगनेट, खाली गरम ऑक्झॅलिक आम्ल.
फिकट गुलाबी, मी फळ्यावर लिहायची,
दोनदा अधोरेखित.
लाजल्यासारखा रंग आला की थांबायचं.
तो थांबायचाच नाही.
प्रत्येक वेळी फ्लास्कमध्ये जांभळाचा रस.
लक्ष कुठे असतं तुझं, मी विचारायची,
आणि तो फ्लास्कमध्येच बघत राहायचा.

दिवाळीनंतर त्याची रीडिंगं अचूक येऊ लागली,
शेजारच्या टेबलावरच्या श्रावणीइतकी अचूक.
मी काय समजायचं ते समजले.
दोघांची टेबलं दोन टोकांना केली.
पुन्हा जांभूळ.
खरं सांगते, मला बरं वाटलं होतं,
चोर पकडल्यासारखं.

प्रॅक्टिकलचे मार्क बोर्डाला गेल्यावर
जर्नल परत न्यायला आला तेव्हा म्हणाला,
मॅडम, तो पहिला रंग मला येतच नाही.
श्रावणीला येतो.
ती खोकायची,
मी तोटी बंद करायचो.

कूलरचं पाणी संपलं होतं, मोटर नुसतीच घरघरत होती.
खोब्रागडे म्हणाले, "मग?"
मग काही नाही सर. मार्क गेले होते.
ते डब्याचं झाकण लावत राहिले,
लागलेलं झाकण काढून पुन्हा लावलं.
"पंचवीस वर्षं झाली मला," म्हणाले,
आणि पुढचं वाक्य गिळलं.

अडीचला मॉडरेटर आले, आम्ही पेनं उचलली.
पुढची उत्तरपत्रिका. नाव नाही, नुसता नंबर.
दुसऱ्या पानावर एक समीकरण चुकलेलं,
मी सवयीनं फुली मारली
आणि हात तिथेच राहिला.
विपुलच्या जर्नलवर, काळ्या शाईवर,
वर्षभर मारलेल्या माझ्या लाल फुल्या,
त्या त्याला
कशा दिसल्या असतील?