काज

पवनीच्या दवाखान्यात खोली नंबर सातमध्ये
आधी फाटक्या मच्छरदाण्या होत्या,
एक मोडका वजनकाटा, आणि घुशी.
ताकसांडे मॅडमनी विचारलं, चावी कोणाकडे?
चावी माझ्याकडे. अकरा वर्षांपासून.

आता दर मंगळवारी तिथे चटई असते,
छताच्या कडीला ट्रॅक्टरच्या ट्यूबचा झोका,
परातीत धानाचा कोंडा, कोंड्यात लपवलेले चिंचोके.
ओपीडीतले लोक दारातून डोकावतात :
हा कोणता इलाज? पोरं तर खेळून रायली.

निश्चल लाखांदूरकडून येतो, दोन ऑटो बदलून.
नाव निश्चल, आणि पाय एका जागी ठरत नाहीत.
समोरच्या राइस मिलचा पट्टा फिरला
की कान दाबून कपाटामागे शिरतो.
शाळेत दोघांना चावला.
नागपूरच्या डॉक्टरांनी एक मोठं नाव लिहून दिलंय,
त्याच्या आईने ते घडी करून पोलक्यात ठेवलंय.

"ह्याले गोळी नाही देत का बाई?"
"गोळी डॉक्टर देतील. मी ह्याला गुंडी लावायला शिकवते."
आई गप्प. मग म्हणाली,
रोज सकाळी शर्ट घालतानाच
आमच्या घरी मारामारी होते. तुमाले कसं मालूम?

सरकारी शिक्क्याच्या जुन्या चादरीची मी पिशवी शिवली,
दोन किलो लाखोळी भरली.
ती मांडीवर ठेवली तेव्हा पोरगा
अख्खं केळं संपेपर्यंत बसला.
मॅडमनी वहीत लिहिलं : चार मिनिटं.
मी घड्याळ पाहिलं नव्हतं.

माझ्या भावाच्या वेळी, सुखदेवच्या,
गावात एकच साधन होतं : गोठ्यातलं दावं.
गाठी सोडवण्यात तो फार हुशार झाला होता.
हे मी मॅडमला अजून सांगितलं नाही.

परवा निश्चल माझ्यासमोर येऊन उभा राहिला.
उकाड्यानं माझा खाकी शर्ट उघडाच होता.
बोलला नाही. जीभ दाताखाली धरून
वरची गुंडी त्यानं दुसऱ्या काजात घातली,
मग सगळ्याच एकेक घर खाली.
शेवटची उरली.
ती चिमटीत धरून तो बराच वेळ पाहत राहिला.
मिल चालू होती बाहेर.

सहाला सात नंबरला कुलूप लावलं,
सायकलवर घरी गेलो तसाच, वाकडा.
बायको म्हणाली, अवो, गुंड्या चुकल्या.
म्हटलं, राहू दे.