सत्तर रुपये

वडील डोझर चालवायचे, हे मी शाळेत कुणाला सांगितलं नाही.
सांगायची एवढंच : भूतानात असतात.
पत्राच्या कागदाला डिझेलचा वास
आणि शेवटी दरवेळी तीच ओळ,
इथं धुकं आहे, बाकी ठीक.

आता ते माझ्याकडे असतात, पाथर्डी फाट्याला.
पहाटे साडेपाचला लोकरीची टोपी चढवतात, एप्रिल असला तरी,
आणि हायवे ओलांडून त्रिरश्मीच्या पायऱ्यांना लागतात.
मी मागून, हातात पाण्याची बाटली.

अर्ध्यावर थांबतात.
थांबतात गुडघ्यांमुळे, पण म्हणतात, दोचुला.
तिथं खिंडीत टेकाडावर एकशे आठ चोर्तेन,
पांढरे, वर तांबडा पट्टा.
खालच्या रांगेत पंचेचाळीस, मग छत्तीस, माथ्यावर सत्तावीस.
उजव्या हाताला ठेवून मोजत जायचं.
धुक्यात आकडा चुकला की परत पहिल्यापासून.
लढाईत गेलेल्यांचे आहेत.

आणि रस्ता करताना गेलेल्यांचे?
मी एकदाच विचारलं.
ते म्हणाले, रस्ता आहे की.

अठरा नंबरच्या लेण्यात ते दगडी स्तूपाला वळसा घालतात,
ओठ हलत असतात. वंदना म्हणतात की मोजतात, कळत नाही.
मग आठ नंबरपाशी येऊन भिंतीवरची अक्षरं बोटाने दाखवतात,
ती त्यांनाही वाचता येत नाहीत.
वाचणारे सांगतात, हे लेणं कुण्या मासे धरणाऱ्यानं दिलं.
बघ, म्हणतात, मासे धरणारा.
जाळं कुठल्या कुठे गेलं, नाव आहे.

खाली अंबडच्या कारखान्यांचा पहिला भोंगा होतो.

हेमलाल मुर्मू, दुमक्याचा.
दरड आली तेव्हा हा डोझरच्या पुढे उभा राहून
मागे घ्या, मागे घ्या, असा हात करत होता.
वडिलांनी मागे घेतला.
एवढंच सांगतात, आणि टोपी काढून परत घालतात.
त्याचे सत्तर रुपये माझ्याकडे राहिलेत.

येताना त्यांनी गुरांसाच्या बिया आणल्या होत्या,
फिल्मच्या डबीत, रुमालात गुंडाळून.
तिकडचं तांबडं फूल ते, बर्फातून वर येतं.
आमच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी नऊ वर्षं राहिल्या.
डोंगराच्या पायथ्याशी वनोद्यान आहे, तिथल्या भोयेंनी बघितल्या,
हसले नाहीत. म्हणाले, बाबा, इथं बेचाळीस डिग्री जातं.
तरी एक कुंडी दिली.

कुंडीत तरोटा आला.
मी उपटायला वाकले तर म्हणाले, राहू दे,
तोही कुठून तरी आलाय.

परवा उद्यानाच्या खिडकीवर त्यांनी सत्तर रुपये ठेवले.
पावती द्या, हेमलाल मुर्मू नावानं.
खिडकीतल्या पोरीनं माझ्याकडे पाहिलं.
अशी पावती नसते आजोबा, फक्त तिकीट असतं.
मग तिकीट द्या.
किती जण?
ते थांबले. माझ्याकडे पाहिलं, मागे रस्त्याकडे पाहिलं,
मालट्रक इगतपुरीकडे चालले होते एकामागून एक.
तीन, म्हणाले.

आत सागाखाली बाकावर आम्ही बसलो,
ते एका टोकाला, मी दुसऱ्या.
मध्ये जागा ठेवली होती त्यांनी,
तिथं मी चुकून बाटली ठेवली
आणि उचलली.