हात वर

बैठक साडेसातची होती, सुरू झाली आठ-पाचला,
दांडिया बाजारात, शिर्क्यांच्या गणवेशाच्या दुकानावरच्या माडीत.
बारा खुर्च्या, तेरा माणसं.
मी जिन्याच्या तोंडाशी उभा. सवय आहे.
तीस वर्षं लाइनमन म्हणून काढली,
हातात निशाण, बुटांना चुना.

विषय एकच: मांडवी युनियनला
लीगमध्ये परत घ्यायचं की नाही.

दोन मोसमांपूर्वी त्यांनी हात वर केले,
तेही मध्यंतरात, तीन-एकनं पुढे असताना.
शिर्क्यांचा माणूस सायकलवरून आला,
म्हणाला, चेक परत आलाय, तिसऱ्यांदा.
दुसऱ्या सत्रात कोणी उतरलंच नाही.
मी निशाण काखेत धरून चाळीस मिनिटं
रिकाम्या मैदानावर ऑफसाइड शोधत राहिलो.

आता अर्ज आलाय. टाइप केलेला.
न्यू मांडवी युनियन.
न्यू एवढंच नवीन.
शर्ट तेच, लाल, काखेत उसवलेले,
ज्यांचे पैसे शिर्क्यांना अजून मिळायचेत.
वकील म्हणाला, जुनं देणं जुन्या नावाबरोबर गेलं,
मढ्याकडे कोण उधारी मागतं?

कोणी विचारलं नव्हतं, तरी मी वही काढली.
जशुभाई सेवउसळवाले, नऊ हजार चारशे.
रावजी वसावा, गवत कापणं, सात महिने.
इम्तियाज गोलकीपर, करंगळीचं ऑपरेशन, स्वतःच्या खिशातून.
विश्वामित्रीत गेलेले चेंडू, चौदा.
ते मगरींच्या नावावर टाका, कोणीतरी म्हणालं.
रेफरी एक, लाइनमन दोन, अकरा सामने.
त्या दोनांतला एक मी.

मग खानविलकर बाई उठल्या,
फतेपुरा इलेव्हनच्या खजिनदार.
बस, बूट, लिंबं, सगळ्यांचे पैसे वेळेवर चुकते करायला
त्यांनी नवऱ्याची स्कूटर विकली होती,
आणि त्यांचा संघ रीतसर खालच्या गटात गेला.
"आमचा स्ट्रायकर त्यांनी पळवला," बाई म्हणाल्या,
"त्यांच्याकडे नसलेल्या पैशांनी."
बसल्या.
पंखा तेवढा बोलत राहिला.

याला उत्तर नाही. माझ्यापाशी तरी नाही.

पण परवा सकाळी नदीकाठच्या मैदानावर
लाल शर्टातली पोरं दिसली,
चपलांचे गोलपोस्ट मांडून खेळत होती.
निम्मी तर त्या काळी चेंडू आणून देणारी.
चेंडू बाहेर गेला, भांडण जुंपलं,
आणि त्यांतल्या एकाचं माझ्याकडे लक्ष गेलं.
मी लेंग्यात, हातात दुधाची पिशवी.
पोरगा थांबला. सगळेच थांबले,
मी दिशा दाखवेपर्यंत.
मी पिशवी उचलली. लालच्या विरुद्ध.
कोणी हूं की चूं केलं नाही.

ज्यांची संमती त्यांनी हात वर, शिर्के म्हणाले.

म्हटलं, थांबा.
आधी ते न्यू काढा.
जुन्या नावानं या, सगळ्यात खालच्या गटात या,
फतेपुऱ्याच्याही खाली,
आणि येताना जशुभाईंचा पहिला हप्ता आणा.
माझं राहू द्या.
नाही, राहू कशाला द्यायचं, माझेही द्या.

वकील हसला. नावाची किंमत ती काय, काका?
नऊ हजार चारशे, मी म्हणालो,
नुसत्या सेवउसळीची.

शिर्क्यांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं,
त्यात एक शब्द चुकला, तो खोडला.
पुन्हा म्हणाले, हात वर.

मी केला.
बुडवणाराही हेच करतो, हे तेव्हाच डोक्यात यायचं होतं.
शिर्के चष्मा विसरून आले होते,
दोनदा मोजत होते, सावकाश,
खांदा भरून आला तरी मी हात खाली घेतला नाही.

खानविलकर बाई माझ्याकडे पाहत होत्या.
त्यांचे दोन्ही हात पर्सवर.