कडता

परभणीच्या मोंढ्यात तेहतीस वर्षं मापं घातली.
मुठीत घेऊन सांगतो तुरीत किती ओल आहे.
आणि आता
आपल्या पाठीवर काय घ्यायचं, तेच ठरेना.

यादी शिवकन्या मॅडमनी दिली.
जिल्हा परिषदेच्या शाळेत खेळ शिकवतात,
दोनदा जाऊन आल्यात साडेचार हजार मीटरवर.
यादीच्या तळाशी लाल शाईत :
नऊ किलो. पाण्यासकट.

मे महिना. पारा चव्वेचाळीस.
‘लोकरीचे हातमोजे आहेत का?’ म्हटलं,
तर दुकानदारानं आधी मला पाणी दिलं.
मग माळ्यावर चढला,
डांबरगोळ्यांच्या वासाचा एक जोड खाली टाकला,
पैसे घेताना माझ्याकडे पाहिलं नाही.

बर्फ मी रसवंतीवर पाहिलाय,
गोणपाटात गुंडाळलेला,
जणू त्यालाच थंडी वाजतेय.

बूट मात्र महिनाभर आधी घेतले.
पहाटे पाचला कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं
ते घालून चालतो. कुत्री माणसावर नाही,
बुटांवर भुंकतात.
टाचेला दोन फोड आले.
मॅडम म्हणाल्या, बरं झालं,
इथंच येऊन जाऊ द्या. वर नकोत.

रविवारी मोंढा बंद. शेडमध्ये काटा ठेवलेला.
सॅक ठेवली.
चौदा किलो दोनशे.

थप्पीवर झोपलेला रज्जाकभाई उठला.
आयुष्य पोत्याखाली गेलेला माणूस,
मान अजून ताठ.
‘उलट सगळं,’ म्हणाला.

तीन शर्ट. ‘वर कुणाचं लगीन हाय का?’
स्टीलचा डबा, कुलूप, रेडिओ, जाड सतरंजी –
एकेक बाजूला.
मोज्यांचे दोन जोड त्यानं हुंगून परत ठेवले.
टॉर्च, शिट्टी, जुलाबाच्या गोळ्या, मेणकापड
राहिलं.

क्विंटलमागं किलो-दीड किलो
बारदान्याचा, मातीचा, ओलीचा म्हणून
मी आयुष्यभर लोकांच्या मालातून कापत आलो.
समोरचा शेतकरी काट्याकडे बघायचा, मी वहीकडे.
रेडिओ बाजूला ठेवताना
पहिल्यांदा कळलं, कडता कुठं लागतो.

‘जड ते पाठीला चिकटून. पट्टा कमरंवर.
खांद्यानं उचलतो तो नवा हमाल.’
त्यानं पट्टे आवळले, गाडीला जोतं बांधावं तसे.
मी शेडच्या टोकापर्यंत जाऊन आलो.
‘वर काय हाय?’
बर्फ.
‘अन् खाली काय आणायचं?’
काही नाही.
रज्जाकभाई बराच वेळ विचारात.
‘मग हमाली देतं कोण?’

हसला नाही. खरंच विचारत होता.
मला उत्तर आलं नाही.

जाता जाता बंडीच्या खिशातून दाभण काढलं,
सुतळीचा एक तोडा गुंडाळला त्याला,
बाजूच्या कप्प्यात खोचलं : ‘पट्टा तुटला तर.’
हे यादीत नव्हतं.
काट्यानंही त्याचं वजन दाखवलं नाही.

नऊ किलो दोनशे.
पुन्हा सगळं चाचपलं. काय काढणार?
उद्या सकाळी सचखंड.

फडक्यात बायकोनं बांधलेली धपाटी होती.
एक रज्जाकभाईनं खाल्लं.
नऊ शंभर.

दुसरं मी.